डावी टाच

परसातल्या दगडावर ती बुटाची डावी टाच घासत होती. बाहेरची कड तेवढी घासायची, आतल्या कडेला धक्का लावायचा नाही. लेकाची टाच अश्शीच झिजायची. लहानपणी जिन्यावरून पडला तेव्हापासून तो डावा पाय बाहेर टाकून चालायचा. एक पाऊल जड, एक हलकं. भर दुपारी, घर सामसूम असताना, ते पाऊल अजून जिन्यावर वाजायचं. ती दचकून वर बघायची. जिना रिकामा.

बापाशी भांडून गेला होता तो. बुटांचं दुकान नको, बोटीवर जायचंय, म्हणाला. पाच वर्षं ना पत्र, ना निरोप. मग गेल्या वर्षी दाराच्या फटीशी एक पाकीट तिला सापडलं. दूरच्या बंदरातून, परक्या अक्षरात. आठ दिवस ताप, आणि बंदरामागच्या टेकडीवर पुरलं, एवढंच. पाकिटाला चिकटवायच्या खळीचा वास येत होता. पण बुटांच्या कारागिराच्या घरात पिण्याच्या पाण्यालासुद्धा खळीचा वास येतो.

त्याच आठवड्यात नवऱ्याने आरी खाली ठेवली होती. वाट बघून बघून माणूस खचला, तिला वाटलं. अशात हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने पत्र पिठाच्या डब्यात तळाशी दडपलं आणि ओठ शिवून घेतले.

चार महिने दुकान बंद. तो खाली लाकडी साच्यांपुढे बसलेला, ती वर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. ना तिच्या केसांना फणी, ना जेवणाला चव. दोन जिवंत माणसं, पण घर भुतांचं.

मग एके सकाळी तिला सुचलं. देवानेच सुचवलं म्हणा. बुडत्याला काडी तोच टाकतो. शाल गुंडाळून ती जुन्या बाजारात गेली, लेकाच्या मापाचे बूट आणले, टाच घासली आणि कोपऱ्यावरच्या लाँड्रीवालीला गाठलं.

"एवढंच सांगायचं, एक तरुण माणूस ठेवून गेला. नाव नाही सांगितलं."

"वहिनी, थापा मारायला मी कमी नाही. पण वर देव बघतो हो."

"बघू दे की. त्याला तरी कळेल मी का करतेय ते."

लाँड्रीवालीने बूट दुकानात नेऊन दिले. ती स्वतः दाराआडून बघत होती. नवऱ्याने डावी टाच उजेडात धरली. कडेवरून अंगठा फिरवला. मग त्याचा हात आरीकडे गेला.

संध्याकाळी तो वर आला. "अगं, एक जोड आलाय. डावी टाच झिजलीय."

"बाहेरून?"

"बाहेरून." तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "तू जेवलीस का?"

"तुम्ही बसाल तर बसते."

त्या दिवशी कितीतरी दिवसांनी दोघं समोरासमोर बसून जेवली.

दर महिन्याला एक जोड. दुरुस्त होऊन लाँड्रीत जायचा आणि तिथून गुपचूप तिच्या ट्रंकेत. नवऱ्याची एक जुनी खोड होती. बुटाच्या आतलं अस्तर चिकटवण्याआधी तो खाली पेन्सिलीने दोन शब्द खरडायचा, काय काम केलं ते. तिने ते कधी उकलून बघितलं नाही. तिला काय करायचंय?

दुकान पुन्हा हसतंखेळतं झालं. "चामडं खोटं बोलत नाही, बाईसाहेब," तो गिऱ्हाइकांना म्हणायचा. "तुम्ही चालत नाही, फरपटत जाता. तुमच्या टाचेनेच चुगली केली!"

भिंतीआड ती हसायची, आणि लगेच मनात यायचं, मेलेल्या पोराला चालवतेय मी. दर महिन्याला, दगडावर घासून.

आठवा जोड लाँड्रीतून परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कोट घालून पुढ्यात उभा राहिला.

"आवर लवकर. दहाची बस आहे."

"कुठली बस?"

"बंदरावर जाऊ. लेकाला भेटून येऊ."

तिच्या हातातली बशी फुटली. "तो तिथे आहे, असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

"बुटांनी," तो म्हणाला, आणि दुकान बंद करायला खाली उतरला.

आता हा माणूस परक्या गावात दारोदार विचारत फिरणार, आणि कोणीतरी परका त्याला एका वाक्यात मारून टाकणार. त्यापेक्षा आपल्याच तोंडून ऐकू दे. मग तो पुन्हा साच्यांपुढे जाऊन बसला तरी चालेल. ट्रंक उघडून ती सगळे जोड बाहेर ओढू लागली. हे त्याच्यापुढे टाकायचे आणि पाय धरायचे.

पहिल्या जोडाचं अस्तर वाळून टाचेपाशी सुटलं होतं. तिने सहज वर उचललं. खाली पेन्सिलीची अक्षरं होती.

"टाच तिनेच दगडावर घासलेली. ती आज घराबाहेर पडली. पुढचा जोड यायला हवा."

तिने दुसरं अस्तर उचकटलं. "आज केस विंचरले." तिसरं. "भाजीत मीठ बरोबर." पाचवं. "भिंतीआड हसली." जिन्यावर त्याचं पाऊल वाजू लागलं तेव्हा कालच्या आठव्या जोडातला बूट तिच्या हातात होता. त्याची खळ अजून ओली होती.

"आता टेकडीपर्यंत चालेल ती. पत्र आधी मीच उघडून परत चिकटवलं होतं, ते वाटेत सांगेन."