लाल चिमटा

दोरीवर दोन चिमटे होते. निळा तिचा, आत्ताच लावलेला. लाल त्याचा, केव्हाचा तिथंच. पाण्याखाली, टॉर्चच्या उजेडात, तिनं नेहमीसारखा अंगठ्यानं त्याच्यावरचा गाळ पुसला. मग जे कधीच केलं नव्हतं ते केलं. तो दोरीवरून काढला आणि बाहीत खोचला. गुहेतला सगळ्यात मोठा गुन्हा झाला, आणि बघायला एक मासासुद्धा नव्हता.

गुहेत बुड्या मारणाऱ्यांचा नियम साधा असतो. आत जाताना दोरीवर आपला चिमटा लावायचा, बाहेर पडताना काढायचा. चिमटा आहे म्हणजे माणूस आत आहे. दुसऱ्याच्या चिमट्याला हात लावायचा नाही. चिमटे साधे, कपडे वाळत घालायचे. तिच्याच लॉन्ड्रीतले.

डोहाच्या काठावर नाना बसत. गुडघे गेल्यापासून त्यांच्याकडे एवढंच काम होतं: पाण्यातून डोकं वर काढणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, "आत कुणी राहिलंय?"

ती दर रविवारी सांगायची, "एक."

मंडळी हसायची. "अगं बाई, तुझा तो एक तिकडं टेकडीवर बसून बिस्किटं खातोय!"

"चिमटा आहे म्हणजे आहे. नियम काय मी केलाय?"

नियमाच्या आडोशाला माणूस किती निवांत बसू शकतो, हे नानांना कळत होतं. ते नुसते खोकत.

तो गवंडी, तिचा नवरा. डोहातली ही गुहा आणि टेकडीवरची कोरडी गुहा आतून एकच आहे, याबद्दल दोघांचं एकमत होतं. त्यांचं एकमत झालेली ती शेवटची गोष्ट. ती म्हणे, वाट पाण्यातून आहे. तो म्हणे, वाट चिकणमातीनं बुजलीय, टेकडीकडून खणत यायला हवं. वाद स्वयंपाकघरात शिरला, तिथून सासरी-माहेरी फिरून आला आणि येताना बरंच काही घेऊन आला. एका रविवारी तो पाण्यातून तणतणत बाहेर पडला, फावडं खांद्यावर टाकून टेकडी चढला, आणि पुढच्या रविवारच्या आत घरातूनही गेला.

वाटणी चोख झाली. इस्त्रीचं टेबल, कपाट, मोठं पातेलं तिच्याकडे. थापी, ओळंबा आणि दोन्ही टॉर्च त्याच्याकडे. दोन्ही कशाला, असं तिनं विचारलं नाही. नवा घेतला. वाटायची राहिली ती एकच वस्तू. रागाच्या भरात तो स्वतःचा चिमटा काढायला विसरला होता. सगळे असंच म्हणत. तीही.

तिला टोचायचं ते तेच. मुद्दाम ठेवला असता तर भांडता तरी आलं असतं. विसरलेल्या माणसाशी काय भांडणार?

दोरी संपते तिथं खडकाखाली हवेची पोकळी होती, जेमतेम डोकं वर काढण्याएवढी. गेले काही रविवार तिथं खडकामागून पहारीचे घाव ऐकू येत. ती ऐकत राही, सिलिंडरचा काटा उतरेपर्यंत. घावांवरून तिला कळे, आज दमलाय की चिडलाय. घरात असताना एवढं लक्ष देऊन तिनं त्याचं काहीच ऐकलं नव्हतं.

आज मात्र दोन्हीकडच्या मंडळींनी एकदम मधली भिंत गाठायचं ठरवलं होतं. वाट जुळली की खणणं संपणार. मग कान लावून बसायला काही उरणार नाही. त्यापेक्षा त्याची वस्तू त्याच्या हातात द्यावी आणि मोकळं व्हावं, असं तिनं ठरवलं होतं.

तिनं पोकळीत डोकं वर काढलं तेव्हा घाव अगदी कानाशी पडत होते. मग ढेकळं कोसळली. पाणी गढूळ झालं. पहारीचं टोक आलं, टोकामागून उजेड, उजेडामागून मातीनं लडबडलेला हात. पलीकडं बादल्या ओढणारी मंडळी ओरडायला लागली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

तिनं तोंडातली नळी काढली. "कोण असणार? तुझी सासू?"

"म्हणजे माती बरोबर होती," तो म्हणाला.

"आणि पाणीही."

भोकातून कोरडी हवा आली. तिला मातीचा वास होता, आणि त्याचा.

"हात पुढं कर." तिनं बाहीतला चिमटा काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. "तुझा राहिला होता. विसरलास."

हात तसाच राहिला. बोटं चिमट्यावरून फिरली.

"विसरलो नव्हतो," तो हळूच म्हणाला. "काढायला गेलो होतो. हातच झाला नाही."

मग त्या हातानं तिचा हात शोधला, चिमटा परत तिच्या मुठीत ठेवला आणि मूठ मिटली.

"होता तिथं लाव जा."

त्याला चांगलं झोंबेल असं काहीतरी सुनवायला तिनं तोंड उघडलं, आणि त्यात नळी घातली.

परतताना पाणी चहासारखं झालं होतं. टॉर्चचा उपयोग नव्हता. ती दोरीवर हात ठेवून चाचपडत आली. चिमट्याची जागा बोटांना पाठ होती. लाल तिथं लावला. शेजारचा तिचा निळा हाताला लागला. त्यावर बोटं टेकवली, आणि तो तसाच सोडून ती पुढं निघाली.

ती डोहावर आली तेव्हा टेकडीवरचा आरडाओरडा काठापर्यंत पोचला होता. नाना काठी टेकत उभे राहिले होते. शाबासकी द्यायची सोडून सवयीनं त्यांच्या तोंडून तेच निघालं.

"आत कुणी राहिलंय?"

तिनं मास्क कपाळावर सरकवला.

"दोघं."