मथुरामाय धक्क्याला लागली

“हे डबडं काय मला सांगणार, माझा पोर आला म्हणून!” मथुराने सुनेच्या फोनकडे बघून नाक मुरडलं.

तुळशीदास काल पहाटे एकटाच होडी घेऊन मढहून निघाला होता. संध्याकाळी वारा उठला, तेव्हापासून त्याचा फोन लागत नव्हता. पण मथुरा काही धक्क्यावर जाऊन बसणार नव्हती. तिथे बायका कीव करतात, आणि मथुराची कीव करायची कोणाची छाती नव्हती.

“कळेल, आय,” विनिता म्हणाली. कोळीवाड्यातल्या होड्यांसाठी तिनेच प्रोग्राम लिहिला होता. होडीवरची जीपीएसची पेटी धक्क्याजवळ आली, की घरी मेसेज.

“सगळ्या होड्या काय सारख्या असतात गो?”

“नाय. ‘होडी’ हा मूळ टाइप. शिडाची, ओढून आणलेली, इंजिनाची, या तिच्या लेकी. आईचं सगळं लेकीत येतं, वर एखादी गोष्ट स्वतःची. मेसेज पाठवणारी प्रोसिजर होडी मागते, तिला यातली कुठलीही लेक दिली तरी चालते. प्रत्येकीसाठी वेगळं लिहायला नको.”

“आणि लेकीचं स्वतःचं?”

“ते प्रोसिजरला दिसत नाय. ती आईपुरतंच बघते.”

“म्हणजे खानदान बघायचं, पोरीला भात शिजवता येतो का विचारायचं नाय. तुझ्या वेळी मी तेच केलं.”

कालपासून पहिल्यांदाच विनिता हसली.

तेवढ्यात फोन वाजला. ‘मथुरामाय धक्क्याला लागली.’ तुळशीदासने होडीला आईचंच नाव दिलं होतं.

विनिताने फोन छातीशी धरला. डोळे भरून आले.

“रडतेस काय? तवा ठेव. बोंबील कुरकुरीत तळ, उपाशी असेल तो.”

मथुराने ठेवणीतलं लुगडं नेसलं, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळला आणि निघाली. वाटेत कोणी विचारलं नाही तरी सांगत गेली, “माझी होडी आली हो!”

वळणावर धक्क्याकडून येणारी शेजारची अक्षता भेटली. मथुराला बघून तिने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळली.

“जळते मेली,” मथुरा पुटपुटली.

धक्क्यावर गर्दी होती. मथुरा पुढे आली तशी ती आपोआप बाजूला झाली. मान तिला होताच.

समोर गुणाजीची होडी लागली होती. गुणाजी मान खाली घालून मागचा दोर सोडवत होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला मथुरामाय होती. तिच्यावर कोणीच नव्हतं.