चमचाभर आंबवण

घंटी दोनदा वाजली. वहिनीने पाव ओव्हनमध्ये ठेवला, झाकण नीट लावलं, हात पुसले आणि मगच दार उघडलं.

नणंद उभी होती. हातात धुऊनपुसून कोरडी केलेली काचेची बरणी.

"या वन्सं. बरोब्बर वेळेवर आलात," वहिनी म्हणाली.

स्वयंपाकघरात आंबूस वास भरला होता. आईला जाऊन महिनाही झाला नव्हता; वास अजून तिचाच होता. टेबलाशी दादा पेपर वाचत बसला होता. त्याने मान वर केली, बस म्हणाला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

नणंदेने बरणी टेबलावर ठेवली. आईच्या आंबवणातलं चमचाभर न्यायला आले, फोनवर सांगितलं होतं, असं ती म्हणाली. बाजारच्या यीस्टचा पाव आईने कधी केला नाही. पीठपाणी कालवून आंबवलेलं ते आंबवण तिने संसारभर जिवंत ठेवलं. पाव करताना चमचाभर मागे राखायचं आणि त्याला पुन्हा पीठपाणी द्यायचं. एकदा राखायचं चुकलं की संपलं.

"अगं बाई," वहिनी म्हणाली, "आज सगळंच घातलं हो मी. म्हटलं, वन्सं यायच्यात, पाव चांगला फुगू दे."

नणंदेने ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, आईच्या बरणीला चिकटलेलं असेल तेवढंही पुरे, त्यातून वाढवता येतं. वहिनीलाही ते ठाऊक होतं. आईची बरणी कढत पाण्याने धुऊन ओट्यावर पालथी घातलेली होती. तिच्या काचेवर वाफ धरली होती.

मग नणंदेला परात दिसली. तिच्या काठाला भिजवलेलं पीठ अजून ओलं होतं. ती उठली, बोट पुढे केलं. तेवढ्यात वहिनीने किटली उचलली आणि कढत पाणी परातीत ओतलं.

"वाळलं की मेलं निघता निघत नाही," ती म्हणाली.

"दादा," नणंद म्हणाली.

दादाने पान उलटलं. आता काय पिठावरून भांडायचं, असं काहीतरी तो पेपराआडून पुटपुटला.

वहिनी नणंदेकडे वळली. आवाज मुळीच चढला नव्हता. "आई अंथरुणावर होत्या तेव्हा यायचं होतं की, वन्सं. तेव्हा बरणी तुडुंब असायची."

थोड्या वेळाने वहिनीने पाव बाहेर काढला. छान फुगला होता, कडा खरपूस. वहिनीने कापला आणि पहिला तुकडा बशीत घालून नणंदेपुढे सरकवला. दादाने घास घेतला, डोळे मिटले.

"अगदी आईच्या हातचा," तो म्हणाला.

नणंदेचं पावाकडे लक्षच नव्हतं. ती बशी सरकवणाऱ्या हाताकडे बघत होती. वहिनीच्या नखांत कच्चं पीठ अडकून राहिलं होतं, पांढरं, अजून ओलसर.

वहिनीने ती नजर पाहिली. ती सिंकपाशी गेली, केसांतली पिन काढली, नळ सोडला आणि सावकाश एकेक नख कोरू लागली.

"खा ना," ती म्हणाली. "गार होतोय."