कानाशी धरलेला कागद

बाबा गेल्यावर त्यांची अवजारांची पिशवी घेऊन मी पहिल्यांदाच एकटी एका ऑफिसात कॉपियर, म्हणजे झेरॉक्सचं मशीन, दुरुस्त करायला गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, “आज मशीन चाललं नाही, तर दुसरा मेकॅनिक बघा, असं साहेब म्हणालेत हो.” मी रोलर पुसले, ट्रे नीट बसवला, तरी तिसरा कागद अडकलाच. बाई हळूच म्हणाल्या, “तुमचे बाबा आधी कागद कानाशी धरून फडफडवायचे. आम्ही हसायचो.” मीही हसायचे तेव्हा. आता गठ्ठा कानाशी फडफडवला. कोरडा कागद कुरकुरतो. हा दमट, गप्प होता. “कागद कुठे ठेवता?” “गेला महिनाभर पाण्याच्या कूलरखाली. तिथे जागा होती ना!” मी कपाटातला बंद गठ्ठा उघडून लावला. शंभर प्रती न अडखळता निघाल्या. मशीनच्या झाकणावर लिहिलेला बाबांचा फोन नंबर खोडायला बाईंनी पेन काढलं. “तुमचा सांगा.” “तोच राहू द्या. तो फोन आता मीच उचलते.”