तांबडीचा पहिला चीक

ख्रिस्ती देवळात उपासनेची पहिली घंटा झाली आणि सारजाबाई छावणीतून झपाझपा निघाली. हातात चरवी, चरवीवर धुतलेलं फडकं, फडक्याखाली तांबडीचा दाट पिवळा चीक. तीन वर्षं भाकड राहिलेली गाय. सोसायटीच्या चारा छावणीत मिळेल ते उसाचं वाढं चघळून, या दुष्काळात, काल एकदाची व्याली. वासराचं पोट भरून उरला तो एवढाच. पहिला चीक प्रभूच्या वेदीपुढं ठेवीन, असं सारजाबाई भर मंडळीत बोलली होती. आज सगळे बघणार होते. खरं सांगायचं तर चालण्यात जरा तोरा होताच.

फाटकापाशी शहादेवच्या दावणीला माणसं जमलेली. त्याची गाय पहाटे विताना मेली होती. वासरू जगलं होतं, पण मान टाकून पडलेलं. हा शहादेव म्हणजे कालच वाढ्याच्या एका पेंढीवरून सारजाबाईच्या अंगावर धावून आलेला गडी. आता वासराचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं चरवीकडं एकदा पाहिलं आणि नजर फिरवली. मागायला तोंड कुठं होतं त्याला!

"मावशी, चीक न्हाई भेटला तर दुपार काढायचं न्हाई हे," बाजूचा आप्पाराव म्हणाला.

"हे देवाचं हाय," सारजाबाई फटकन बोलली आणि चालू लागली. चार पावलं गेली. पाचवं काही उचलेना. तेवढ्यात दुसरी घंटा झाली.

"काय बाई तरी!" स्वतःवरच चिडून ती माघारी वळली. "सरक तिकडं, शहादेव."

फतकल मारून तिनं फडकं काढलं, चिकात बोट बुडवून वासराच्या तोंडात घातलं. काही नाही. पुन्हा घातलं. मग जीभ हलली. ते बोट चोखू लागलं तसं तिनं त्याचं तोंड हळूच चरवीत नेलं, आणि ते घटाघटा प्यायला लागलं.

"जरासा ठिवा की मावशी, देवाला," शहादेव खाली बघत पुटपुटला.

"पिऊ दे." तिला रडू येत होतं. तीन वर्षांचा नवस होता तो.

ती देवळात शिरली तेव्हा गाणं संपलं होतं. सगळ्या माना वळल्या. पाळकसाहेबांनी पुढं होऊन चरवी घेतली, फडकं उचललं. तळाशी नुसता फेस.

"सारजाबाई, चीक कुठाय?"

मागं कुणीतरी खुसखुसलं. मान खाली घालून माफी मागायची, असं वाटेत घोकत आली होती ती. पण बोटांना अजून वासराची लाळ होती, आणि तिला हसूच फुटलं. किती दिवसांनी इतकं पोटातून हसली, तिचं तिला ठाऊक.

"आणतच व्हते, साहेब. देवाला लई भूक लागलती. त्यानं वाटंतच पिऊन टाकला."

पाळकसाहेब तिच्या हातांकडं बघत राहिले. मग त्यांनी चरवी तशीच, न पुसता, वेदीवर ठेवली.