मुबारकबीची ओवी

निजाम पडला, आणि रझाकारांवरचा राग निजामाच्या हद्दीलगतच्या कर्जतकडच्या गरीब मुसलमानांवर निघू लागला. मिशनच्या एस्तेरबाईनं शेजारच्या मुबारकबीला आपलं लुगडं नेसवून जात्यावर बसवलं. परगावचे कुऱ्हाडवाले दारात आले. “ही कोण?” “बहीण माझी. किरिस्ताव हाय.” “मग म्हन की येशूची ओवी!” हीच ओवी एस्तेरबाई उभा जन्म दारोदार गात हिंडली होती. गावात कुणी सूर धरला नव्हता. मुबारकबी हसायची, “गळा ग्वाड हाय बाई, पर देव तुमचा तुमालाच ऱ्हाऊ द्या.” आज तीच जात्याचा खुंटा धरून गायली, “माझ्या येशूच्या दारात, न्हाई कुनी गं परका...” शब्द चुकला नाही. माणसं गेली. “बाई,” मुबारकबी म्हणाली, “येशूला सांगा, ह्ये खरं धरू नगंस म्हनावं.” “सांगते गं.” एस्तेरबाईनं पाहिलं, जात्यात दाणाच नव्हता, नुसता दगड दगडावर फिरला होता.