बाण कुणाचा
“हाडं उचलायला आम्हाला इतकं लांब आणलंस होय रे, काशे?” शिकाऱ्याला गर्व चढू नये म्हणून कलहारी वाळवंटातल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी शिकारीला नावं ठेवली. चुकोआत्याने शिकारीतला बाण उपसला आणि हसणं थांबलं. गेल्या उन्हाळ्यात वारलेल्या तिच्या भावाचा, म्हणजे काशेच्या सासऱ्याचा, तो बाण. काशेने चुकून त्याच्या भात्यातला उचलला होता. “बाण त्याचा, म्हणजे मांसही त्याचं. ज्याचा बाण त्यानेच वाटे घालायचे; ते घालायला आता तोच येईल,” आत्या पुटपुटली. काशेच्या बायकोने, बेसाने, बाळाला छातीशी आवळलं. मेलेले ज्याच्यासाठी झुरतात त्यालाच तापाचा न दिसणारा बाण मारून नेतात, आणि तिच्या बाबांचा सगळा जीव या नातवात होता. “बाण माझा आहे. बाबांनी जाताना मला दिला,” ती धडधडीत खोटं बोलली आणि सुरी उचलून वाटे घालू लागली. “अगं, नुसतं कातडंच देतेस!” कुणीतरी आपल्या वाट्याला नाव ठेवलं आणि पुन्हा हशा पिकला. सगळे जेवले. बेसाचा तळहात बाळाच्या कपाळावरून हलेना.